भुसावळ जंगलात उगवलं नाही

सध्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘1853 साली पहिली गाडी धावली आणि इंग्रजांनी घनदाट जंगल तोडून भुसावळ वसवलं. केळी न्यायला इथे जंक्शन केलं. अख्खं शहर त्यांनीच आखलं. इथलं यार्ड आशियात सर्वात मोठं.’ चार वाक्यं आणि चारही कच्ची.

आधी साल. 16 एप्रिल 1853 ची गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गेली, जेमतेम 34 किलोमीटर. भुसावळ मुंबईपासून 444 किलोमीटर, आणि वाटेत थळ घाट, म्हणजे कसारा घाट. तो 1865 मध्ये खुला झाला. घाटावरचे नाशिक-चाळीसगावकडचे तुकडे मात्र 1861 पासूनच सुरू होते. म्हणजे काही वर्षं डोंगराखाली गाडी, डोंगरावर गाडी आणि मधला घाट रस्त्याने, असा प्रवास होता.

जंगलाचं म्हणाल तर हे तापीचं काळ्या मातीचं खोरं आहे. थाळनेर आणि बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची ठाणी रेल्वेच्या कितीतरी शतकं आधीची. साकेगाव, कंडारी, खडका, फेकरी ही आसपासच्या गावांची नावं काही रेल्वेने दिलेली नाहीत. भुसावळ तेव्हा लहान गाव होतं, एवढं मात्र खरं.

आता जंक्शन इथेच का? नकाशा उघडा. मुंबईहून आलेल्या रुळाला दोन दिशा हव्या होत्या. एक वऱ्हाडच्या कापसाकडे आणि नागपूरला, दुसरी खंडव्यावरून जबलपूरला. नागपूरची लाईन बोदवड, मलकापूर, शेगाव, अकोला अशी पूर्णेच्या दक्षिणेने जाते. तिला तापी ओलांडावीच लागत नाही. खंडव्याच्या लाईनला मात्र तापी ओलांडून रावेर, बऱ्हाणपूरमार्गे सातपुड्यातली खिंड गाठावी लागते. तेव्हा फाटा पडणार तो नदीच्या अलीकडेच. 1867 मध्ये रूळ नागपूरला पोचले, 1870 मध्ये जबलपूरला कलकत्त्याच्या लाईनशी जुळले. यात केळी कुठेच नाहीत. आजही केळीच्या गाड्या भरतात त्या रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवर, बागांच्या जवळ. ते बरोबरच आहे. हिरवा कापलेला घड बंद डब्यात स्वतःच उष्णता सोडतो, आणि भरायला किंवा सुटायला उशीर झाला की माल दिल्लीआधीच पिकायला लागतो.

‘अख्खं शहर इंग्रजांनी आखलं’ हे तर वस्त्यांची नावंच खोडून काढतात. आखलेला भाग म्हणजे रेल्वेची जमीन. साहेबांसाठी बंगले (पंधरा बंगला हे नाव त्यातूनच), बाकीच्यांना दर्जाप्रमाणे क्वार्टर, आणि चाळी. आगवाली चाळ घ्या. आगवाला म्हणजे फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागतात, आणि फेरी संपली की भट्टी साफ करणं, राख खड्ड्यात पाडणं, टाकीत पाणी भरणं ही कामं असतातच. घरी फोन नव्हते. ड्यूटी लागली की कॉलबॉय रात्री-अपरात्री दार ठोठावायचा आणि कॉलबुकात सही घेऊन पुढच्या दारावर जायचा. त्याला पायी फिरता यावं इतक्या जवळ रनिंग स्टाफ, म्हणजे गाडीवर जाणारी माणसं, ठेवणं भाग होतं. इंजिनाच्या शेडभोवती वस्ती झाली ती या हिशेबाने, शहर सुंदर दिसावं म्हणून नव्हे.

रेल्वेची हद्द संपली की आखणीही संपली. बाजारपेठ, राम मंदिर वॉर्ड, शनि मंदिर वॉर्ड, खडका रोड हे व्यापारी, कारागीर आणि आसपासच्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी उभं केलेलं भुसावळ. नगरपालिका झाली 1882 मध्ये, रूळ आल्यावर जवळपास वीस वर्षांनी. हद्दीवाली चाळ हे नाव उगाच पडलेलं नाही. ही रेघ आजही जिवंत आहे: क्वार्टरचा नळ फुटला तर रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्याकडे जायचं, रेघेपलीकडचा फुटला तर नगरपालिकेत. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो नुसता फिरत राहतो.

राहिलं यार्ड. आशियात सर्वात मोठं म्हणून सहसा उत्तर प्रदेशातल्या मुगलसरायचं (आताचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन) नाव घेतलं जातं. सुटे वॅगन घेण्याच्या काळात एकाच मालगाडीत दहा गावांचे डबे असत. ते तोडायचे, दिशेप्रमाणे लावायचे, नवी गाडी जुळवायची. त्यासाठी रुळांचे अनेक फाटे लागत. आता उघड्या बॉक्सएन वॅगनचा 58-59 डब्यांचा कोळशाचा अख्खा रेक एका ठिकाणाहून निघून थेट वीजकेंद्रात रिकामा होतो. त्याला वाटेत तोडायचं कारणच उरत नाही. भुसावळला अशी गाडी थांबली तरी बहुतेक वेळा क्रू बदलायला. ‘सर्वात मोठं’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं, काय मोजलं: रुळांची लांबी, दिवसाला लावलेले डबे, की नुसतं पुलावर उभं राहून दिसलेलं?