फोन न करणारे मित्र

सकाळी हॉस्टेलच्या ग्रुपवर एकाने रील टाकलं. कुणी तरी इस्त्रीच्या शर्टातला माणूस सांगत होता, 'जो मित्र 3 महिने फोन करत नाही, त्याला आयुष्यातून काढून टाका.' खाली टाळ्यांची रांग. डोकंच फिरलं. मैत्री म्हणजे काय मस्टर आहे का, सही नाही केली तर पगार कापायला?

आमचा सांगलीकर घ्या. कराडला एका खोलीत राहिलो, भांडलो, एकमेकांचे डबे चोरून खाल्ले. नंतर तो सांगलीला, मी चिपळूणला. फोन? लग्नाची पत्रिका आली की नाही हे विचारायला, तेवढाच. तो आजही मला नावाने हाक मारत नाही, 'ए चिपळूण' म्हणतो.

22 जुलै 2021. चिपळूणकरांना पुढचं सांगायची गरज नाही. वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली आणि माझं वह्यापुस्तकांचं दुकान आढ्यापर्यंत बुडालं. शाळांचा सीझन, माल भरलेला. पाणी उतरलं तेव्हा वह्या फुगून रॅकमध्ये अशा घट्ट बसल्या होत्या की पहार घालून काढाव्या लागल्या. नेटवर्क आलं आणि मोबाईल टणटणायला लागला. 'टेक केअर.' 'स्टे स्ट्राँग.' हात जोडलेले इमोजी. रोज न चुकता गुड मॉर्निंग पाठवणारेच सगळे. त्यांतला एकही घाट उतरला नाही.

सांगलीकराचा मेसेजसुद्धा नव्हता. कसा असणार? त्याच आठवड्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 50 फुटांच्या वर गेलेली. गंमत बघा, कोयनेचं पाणी धरणातून सोडलं की कृष्णेतून त्याच्याकडे जातं आणि वीजघरातून सुटलं की कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत, म्हणजे माझ्याकडे. एकाच नदीने दोघांना धुतलं.

स्वतःच्या घरातला चिखल काढून झाल्यावर हा पठ्ठ्या न कळवता टेम्पो घेऊन कुंभार्ली उतरून दारात उभा. 'ए चिपळूण, फावडं कुठाय?' बस. कसा आहेस नाही, काय झालं नाही.

टेम्पोत काय होतं ते सांगतो, कारण मदत कशाला म्हणतात ते त्यावरून कळतं. गमबूट, लांब दांड्याचे वायपर, ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या, आणि एक पिशवी भरून नवे गंजीफ्रॉक-चड्ड्या. मी बघतच राहिलो. तर म्हणतो, 'लेका, एकोणीसच्या पुरात आमच्याकडं जुन्या साड्यांचे डोंगर आले. अंगातली चड्डी बदलायला मात्र कुणाकडं नव्हती.' हे रीलवाल्याला सुचेल? ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्यालाच सुचतं.

बरं, मान्य. फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि 'आमची मैत्री फोनवर अवलंबून नाही' म्हणत वर्षानुवर्षं गायब राहणारे आळशीही असतात. संकटात गायब राहतात ते तर वेगळेच. त्यांची वकिली मी करत नाही.

पण ज्यांना नोकरी आहे, आजारी आई आहे, हप्ते आहेत, त्यांनी 3 महिने फोन केला नाही म्हणून काढून टाकायचं? आणि ठेवायचं कुणाला, गुड मॉर्निंगवाल्यांना?

जाऊ दे. चिडून लिहायला बसलो आणि आता त्याची ती चिखलाने माखलेली हाफ पॅन्टच आठवतेय. आमच्या आईने बळंच जेवायला बसवलं, तर 'काकू, कुळथाचं पिठलं आहे ना?' असं विचारून तीनदा वाढून घेतलं. हॉस्टेलवर माझ्या डब्यातलं हेच पिठलं चोरायचा. आईला ते तेव्हा माहीत नव्हतं, त्या दिवशी त्यानेच सांगून टाकलं.

निघताना भिंतीवरची पुराची रेघ बघून एवढंच म्हणाला, 'मीटर वर घे.' घेतला. वायरमन कुरकुरला, एवढ्या वर कशाला, रीडिंग घ्यायला स्टूल लागेल. म्हटलं, लागू दे. स्टूल मी देतो.