थंडी पाषाणपर्यंत आली आहे

येत्या चार-पाच दिवसांत आकाश निरभ्र राहून किमान तापमान दोन-तीन अंशांनी उतरणार, अशी बातमी आली की सासूबाई माळ्याकडे बघायला लागतात. माळ्यावर गोधड्या आहेत. त्यांच्या वाटेत आकाशकंदील, चकलीचा सोऱ्या, चुलतसासऱ्यांची होल्डॉल आणि 'असू दे, लागेल कधीतरी' या नावाखाली जमा झालेलं बरंच काही आहे. नवरा स्टुलावर, मी खाली झेल घ्यायला आणि सासूबाई सूचना द्यायला.

गोधड्या दिवसभर बाल्कनीत ऊन खातात. ऊन असतंच, दुपारी पारा तिशीला टेकलेला असतो. रात्री पंखा बंद करून आम्ही डांबरगोळ्यांच्या वासात शिरतो आणि बाराच्या सुमारास घामाघूम होऊन उठतो. नवरा पंखा एकवर करतो, मी दोनवर. पहाटे सासूबाई येऊन बंद करतात आणि "आजारी पडाल" असं म्हणून जातात. चिरंजीव साडेसहाला स्वेटर घालून शाळेत जातात आणि दुपारी तो कमरेला बांधून येतात. म्हणजे, ज्या दिवशी आणतात त्या दिवशी.

याचं कारण पत्ता. आम्ही मगरपट्ट्याच्या बाजूला राहतो. पेपरात 'पुणे ११ अंश' छापून येतं ते शिवाजीनगरचं. त्याच पहाटे आमच्याकडे सोळा-सतरा असतात. इकडच्या सिमेंटच्या इमारती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर व्याजासकट परत करतात. पाषाण, एनडीएकडे अजून मोकळी जमीन आणि टेकड्या आहेत. ढग नसले की तिथली जमीन भराभर निवते आणि गार हवा सखलात उतरून बसते. एवढं शास्त्र मला पाठ आहे, कारण पाषाणला राहणारी माझी जाऊ रोज सकाळी घरच्या ग्रुपवर तापमानाचा फोटो टाकते. सोबत वाफाळता चहा आणि 'गुलाबी थंडी' हे दोन शब्द. मी मेथीची भाजी निवडत पंख्याखाली बसून तिला अंगठा दाखवते. उभा.

शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर 'शिमला ऑफिस' म्हणतात. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, त्यावरून. सामानात थोडी थंडीही आली असणार आणि ती नदीपलीकडे पाठवायची राहून गेली, असा माझा संशय आहे.

जावेला उत्तर द्यायला सासूबाई समर्थ आहेत. त्यांचं माहेर निफाड. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान हिवाळ्यात बहुधा निफाडच्याच नावावर जातं, तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात त्याची नोंद होते, आणि सासूबाईंना हे आपलंच कर्तृत्व वाटतं. "अकरा? अकराला आमच्याकडे लोक बनियनवर हिंडतात," असं म्हणून त्या निफाडला भावाला फोन लावतात, स्पीकरवर.

"किती उतरला रे पारा?"

"अक्का, उतरायची वाट कसली बघते? थंडीनं घडांची फुगवण थांबते. मण्यात पाणी भरल्यावर पारा घसरला तर मणी तडकतात. रात्र रात्र बागेत शेकोट्या कराव्या लागतात."

मामांची द्राक्षबाग आहे. सासूबाईंचा आवाज जरा उतरतो.

मग दोन दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो. हे दरवर्षीचंच. २०२४ मध्ये नोव्हेंबर संपता संपता फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि इकडे ढग येऊन थंडी पळाली. जावेचे फोटो बंद झाले. मी माणूस म्हणून फार चांगली नाही, मला बरं वाटलं. सासूबाईंनी लगेच निफाडला फोन केला.

"आता खूश ना? गेली थंडी."

"कसला खूश! ढगाळ हवा आहे. वेलींवर भुरी रोग आलाय, मागोमाग डावणी येईल. सकाळपासून फवारणीच चालूय."

"अरे, मग तुला हवंय तरी काय?"

"कोरडी हवा. ढग नको, दव नको आणि रात्री पारा तेराच्या खाली नको."

"मग मगरपट्ट्याला ये. ढग नसले की इथे अगदी असंच असतं."

पलीकडे फवाऱ्याचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"गुंठ्याला काय भाव चाललाय तिकडं?" मामांनी विचारलं.