ल्योंच्या विणकरांचं दरपत्रक

आज पुन्हा तो फॉरवर्ड आला. एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली, अडाणी मजुरांनी ती फोडली, आजचे संपवाले त्याच जातकुळीतले. खाली टाळ्यांचे इमोजी. डोकं सटकलं.

अहो, फ्रान्समधलं ल्यों घ्या. नोव्हेंबर १८३१. रेशीम विणकरांनी अख्खं शहर ताब्यात घेतलं. जॅकार्ड माग, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेवर नक्षी विणणारे माग, फोडायला? माग त्यांचेच होते! ल्योंला लागून असलेल्या क्रवा-रूसच्या टेकडीवर जवळपास चार मीटर उंच छताच्या खोल्या भाड्याने घ्यायच्या, कारण कमी उंचीत जॅकार्डचा सांगाडा मावतच नाही. त्याच खोलीत संसार, झोपायला माळा. कारागीर-मालकाचे दोनचार माग, हाताखाली एखाददुसरा विणकर. व्यापारी रेशीम आणि नक्षी देणार, मजुरी विणलेल्या लांबीवर. इचलकरंजीच्या खर्चीवाल्यांना, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्यांना, हे समजावून सांगायला नको.

मजुरीतला निम्मा वाटा हाताखालच्या विणकराचा. उरलेल्या निम्म्यात भाडं, दुरुस्ती, कांड्या भरणारीचे पैसे, दिव्याचं तेल. आणि मागाची बांधणी! नक्षी बदलली की ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा पुन्हा ओवायचा, फणीतून काढायचा, कार्डांची माळ बदलायची. त्या दिवसांची कमाई शून्य. ऑर्डर लांबलचक असेल तर खर्च वसूल होतो. थोडं कापड झाल्यावर व्यापाऱ्याने नक्षी बंद केली की सगळं अंगावर. वर वजनाची कटकट. रेशीम तोलून द्यायचं, कापड तोलून घ्यायचं, आणि रेशीम तर हवेतली ओल शोषतं. दमट दिवशी दिलेलं सूत वाळलं की तूट दिसते, कापा मजुरी. सूत चोरणारे विणकरही होते. होते, ठीक आहे.

त्यांनी मागितलं काय? किमान दर. प्रीफेक्ट, म्हणजे तिथला सरकारी प्रमुख, बुव्हिए-ड्युमोलारने दोन्ही बाजू बसवल्या आणि २५ ऑक्टोबरला दरपत्रक ठरलं, १ नोव्हेंबरपासून लागू. क्रांती नाही, राजा बदला नाही. एक दरपत्रक! शंभरावर व्यापाऱ्यांनी ते धुडकावलं. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक आणि जर्मनीतल्या क्रेफेल्डची स्पर्धा आहे म्हणाले. होती, तेही खोटं नाही. पण स्पर्धेचा सगळा भार मजुरीवरच का? पॅरिसच्या सरकारने सांगून टाकलं, या दरपत्रकाला कायद्याचा आधार नाही.

मग २१ नोव्हेंबरला टेकडीवरून लोक उतरले, काळ्या झेंड्यावर ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’. दोन दिवसांत सैन्य शहराबाहेर. आणि या ‘अडाणी’ लोकांनी शहर हाती आल्यावर केलं काय, तर टांकसाळीवर आणि तिजोरीवर पहारा बसवला. हे वाचताना दरवेळी राग विरतो माझा. एवढं सगळं हाताशी असूनही त्यांना २५ ऑक्टोबरचा तो कागदच हवा होता.

३ डिसेंबरला युद्धमंत्री मार्शल सूल्त आणि राजपुत्र सुमारे २०,००० सैनिक घेऊन आले. दरपत्रक रद्द. प्रीफेक्टचं पदही गेलं, कारण त्याने ते ठरवू दिलं.

जॅकार्डच्या यंत्राला सुरुवातीला विरोध झाला होता, मान्य. पण १८३१ मध्ये तेच यंत्र या माणसांचं पोट होतं, हो. पुढे सरकारने संघटनांवर बंधनं आणली, विणकर एप्रिल १८३४ मध्ये पुन्हा रस्त्यावर आले, आणि या खेपेला सैन्य बाहेर गेलं नाही. तोफा चालल्या.