‘लॅपटॉप घेऊ नका’ सांगणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: ‘लॅपटॉपचे दिवस संपले. मुलांना टॅबलेट घेऊन द्या. जितका पातळ तितका प्रगत. आत चिप लॅपटॉपचीच, किंमत कमी, आणि हलणारे भागच नाहीत म्हणून बिघडायचा प्रश्न नाही.’ मी नाशिकमध्ये अठरा वर्षं लॅपटॉप आणि टॅबलेट दुरुस्त करतो. या मेसेजवर विसंबून खरेदी केलेली माणसं वर्ष-दोन वर्षांनी माझ्या टेबलापाशी येऊन बसतात. त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आहेत, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

‘लॅपटॉपचे दिवस संपले’

हे भाकीत जुनं आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्स यांनी सांगितलं होतं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा पीसी म्हणजे टॅबलेट असेल. तसं झालं नाही. २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला तेव्हा कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधली वस्तू म्हणून दाखवला, लॅपटॉप मोडीत काढा असं ते म्हणाले नव्हते. पुढे २०१५ मध्ये आयपॅड प्रो आल्यावर ॲपलची सूत्रं सांभाळणाऱ्या टिम कुक यांनी ‘आता कोणी पीसी घ्यायचाच कशाला’ असा प्रश्न केला, आणि आजचा मेसेज त्याच प्रश्नाचा नातू आहे.

मधल्या काळात काय घडलं ते पाहा. त्याच आयपॅडला २०१५ मध्ये कंपनीचाच कीबोर्ड जोडला गेला, २०२० मध्ये ट्रॅकपॅड चालू लागला, २०२५ मध्ये सरकवता येणाऱ्या विंडो आणि वर मेनूची पट्टी आली. दहा वर्षं टॅबलेट लॅपटॉपच्या दिशेने चालत आला आहे. लॅपटॉपनेही त्याच्याकडून बरंच घेतलं: झाकण उघडताच जागं होणं, काही मॉडेलांत पंखाच नसणं, दिवसभर टिकणारी बॅटरी. दोघं एकमेकांच्या अंगणात आले आहेत. त्यात संपलं कोणीच नाही.

‘जितका पातळ तितका प्रगत’

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे वाक्य, कारण पातळपणासाठी किती किंमत मोजावी लागते हे मी रोज हातात धरून बघतो.

२००८ मध्ये ॲपलचा पहिला मॅकबुक एअर हा पातळ लॅपटॉप कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला गेला आणि सगळा उद्योग त्या वाटेने निघाला. २०११ मध्ये इंटेलने अशा पातळ लॅपटॉपांसाठी ‘अल्ट्राबुक’ हे नाव रूढ केलं. सुरुवातीला यातून भलंच झालं. तीन किलोची धोपटी खांद्यावरून उतरली, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली. पण एका मर्यादेनंतर प्रत्येक मिलिमीटर कशातून तरी कापून आणावा लागतो. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमध्ये तो कीबोर्डमधून कापला. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं, आणि खाली धुळीचा कण गेला की एक अक्षर दोनदा उमटायचं किंवा उमटायचंच नाही. २०१८ मध्ये कंपनीला ते कीबोर्ड फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली, २०१९ च्या शेवटी जुन्या घडणीचं बटण परत आलं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला दावा पाच कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. त्याआधीच, २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये, काढून टाकलेले एचडीएमआय आणि कार्डाचे खाचे परत आले होते. त्यातलं १६ इंची मॉडेल आधीच्यापेक्षा किंचित जाड आणि जड होतं. लोकांनी ते आनंदाने घेतलं.

ज्या कंपनीने पातळपणाची चढाओढ लावली तिनेच माघार घेतली, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं.

‘आत चिप लॅपटॉपचीच’

हे खरं आहे. २०२१ पासून काही टॅबलेटांत अक्षरशः तीच चिप असते. पण मूल कॉलेजात चिप वापरत नाही, सॉफ्टवेअर वापरतं. सिव्हिलच्या मुलाला स्टॅड प्रो हे बांधकामाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजवरच चालतं. कॉमर्सच्या मुलीला टॅली लागतं. मोबाइल ॲप लिहायला शिकायचं असेल तर ते लिहायची मुख्य साधनंसुद्धा कॉम्प्युटरवरच चालतात. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी काढला. दिसायला विंडोज, पण जुने विंडोज प्रोग्रॅम त्यावर चालतच नव्हते. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला.

पूर्ण विंडोजवर चालणारे टॅबलेटही मिळतात हे मान्य. ते खरे कॉम्प्युटरच आहेत. पण मेसेज त्यांच्याबद्दल बोलत नाही, आणि त्यांची किंमत बघितली तर मेसेजचं पुढचं वाक्य कोसळतं.

‘किंमत कमी’

नुसत्या पाटीची कमी असेल. पण असाइनमेंट लिहायची म्हणजे कीबोर्ड आला, आकृत्या काढायच्या म्हणजे पेन आलं, प्रोजेक्टरला आणि पेनड्राइव्हला जोडायला डोंगल आलं. वजनाचंही तेच. २०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाड आणि साधारण ५८० ग्रॅमचा, हातात घेतल्यावर खरंच थक्क व्हायला होतं. त्याला कंपनीचा कीबोर्ड लावला की वजन सव्वा किलोच्या आसपास जातं. मॅकबुक एअरही तेवढ्याच वजनाचा असतो.

आणि नुसत्या स्वस्ताईवर बेतलेल्या टॅबलेटचं काय होतं तेही आपल्या देशाने पाहिलं आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला ‘आकाश’ हा सरकारी योजनेतला स्वस्त टॅबलेट आला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटाने दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा. गरीब मुलाच्या हातात कॉम्प्युटर द्यायची इच्छा मोलाची होती आणि मला आजही तिच्याबद्दल आदर आहे. पण किंमत आधी ठरवून मग वस्तू घडवली की ती मुलाच्या कामाला पुरी पडत नाही.

‘बिघडायचा प्रश्न नाही’

गेल्या पावसाळ्यात दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले. मुलगी सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. हाच मेसेज वाचून घेतलेला टॅबलेट, दोन वर्षंही झाली नव्हती. पडदा एका कडेने फ्रेममधून वर आला होता, फटीत नख जात होतं. बॅटरी फुगली होती. सतत चार्जरला लावून ठेवलेली, उन्हाळ्यात तापलेली बॅटरी फुगते. हलणारा भाग नसला तरी बॅटरीचं रसायन म्हातारं होतच असतं.

तो उघडायचा म्हणजे काय ते सांगतो. बाहेर एकही स्क्रू नाही. गरम पॅडवर ठेवून कडेचा डिंक मऊ करायचा, सक्शन कपाने काच जरा उचलायची, फटीत पातळ प्लास्टिकची चकती सरकवायची आणि चारही बाजूंनी मिलिमीटर मिलिमीटर फिरवायची. चकती जास्त आत गेली तर डिस्प्लेची केबल तुटते. पडदा निघाला की खाली बॅटरी, तीही फ्रेमला चिकटवलेली. फुगलेली बॅटरी खरवडताना टोचली तर पेट घेते, म्हणून शेजारी वाळूची बादली ठेवून काम करतो. त्या दिवशी बॅटरी नीट निघाली, पण काचेला कोपऱ्यातून तडा गेला. नवीन काच मिळत नव्हती. सर्व्हिस सेंटरने आधीच सांगितलं होतं, ‘आम्ही दुरुस्त करत नाही, बदलून देतो,’ आणि बदलायचा आकडा नव्या टॅबलेटच्या जवळ जाणारा होता.

यात बदल होतो आहे, आणि येणाऱ्या वर्षांत नवं काय असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन. युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे टॅबलेटची बॅटरी ८०० चार्जिंगनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळायला हवेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी द्यावी लागेल. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर करायची रीत पडली होती. आता एलपीकॅम२ नावाची, स्क्रूने बसणारी पातळ रॅम आली आहे. २०१७ मध्ये आयफिक्सिट या, उपकरणं उघडून दुरुस्तीचे गुण देणाऱ्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या एका सरफेस लॅपटॉपला दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते, २०२४ च्या त्याच मालिकेतल्या मॉडेलला आठ मिळाले. पातळपणा फारसा न गमावता हे जमलं. म्हणजे आधीही जमलं असतं, कोणी मागितलं नव्हतं.

एआयचं शेपूट हल्ली मेसेजला जोडलेलं असतं: ‘एआय चिप नसलेलं काही घेऊ नका.’ २०२४ पासून ‘कोपायलट प्लस पीसी’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एआय चिपच्या विंडोज लॅपटॉपना किमान १६ जीबी रॅम असावी लागते. विद्यार्थ्याला त्यातल्या रॅमचाच जास्त फायदा आहे.

टॅबलेट वाईट असं मी म्हणत नाही. चित्रं काढणाऱ्याला, पीडीएफवर खुणा करत वाचणाऱ्याला, शेतावर किंवा साइटवर उभ्या उभ्या नोंदी करणाऱ्याला त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. माझ्या आईचं वाचन मोठ्या अक्षरांमुळे टॅबलेटवर परत सुरू झालं. घरात एक कॉम्प्युटर असेल तर दुसरी वस्तू म्हणून टॅबलेट जरूर घ्या.

त्या बागायतदारांनी मला विचारलं, ‘मग आता कुठला घेऊ ते तुम्हीच सांगा.’ मी दुरुस्तीला आलेला एक साधा लॅपटॉप उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. पाठीवर नऊ स्क्रू. ते काढून पत्रा उचलला आणि बोट ठेवून दाखवलं: ही बॅटरी, ही रॅम, ही एसएसडी, हा पंखा, यातलं काहीही गेलं तर तेवढंच बदलायचं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘आमच्या फवारणी पंपासारखंच आहे की.’ मुलीने कंपनीचं नाव विचारलंच नाही, आधी स्टॅड प्रो चालेल का ते विचारलं. चालणार होतं. त्याच आठवड्यात त्यांनी तसाच एक वापरलेला, १६ जीबीचा लॅपटॉप घेतला, आणि घेण्याआधी दुकानदाराला तो उलटा करायला लावला.