व्हायरल लोड ‘नील’, मग गोळी बंद?

पुण्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: “एचआयव्हीची टीएलडी गोळी किडनी खाते. रिपोर्ट ‘नॉट डिटेक्टेड’ आला की महिनाभर विश्रांती द्या. हाडांसाठी गोळीबरोबर उपाशीपोटी कॅल्शियम घ्या.”

‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे मशीनला सापडेल इतका विषाणू रक्तात नाही, एवढंच. सीडी४ म्हणजे रोगप्रतिकारक पेशी; त्यांतल्या काहींच्या डीएनएत तो दडून असतो, आणि गोळी फक्त वाढणारा विषाणू रोखते. ती सुटली की बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दोन-चार आठवड्यांत पुन्हा चढतो. शिवाय गोळीतली तिन्ही औषधं (टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅविर) शरीरातून एकदम उतरत नाहीत. डोल्युटेग्रॅविर लवकर संपतं, टेनोफोविर पेशींत दिवसेंदिवस रेंगाळतं. त्या एकट्याला दाद न देणारा विषाणू तेवढ्यात तयार होऊ शकतो. सोबत हेपॅटायटिस बी असेल तर तो उसळून लिव्हरवर येतं.

ही विश्रांती तपासूनही झाली आहे. ‘स्मार्ट’ या 5,472 जणांच्या चाचणीत औषध थांबवणाऱ्या गटात मृत्यू वाढले, म्हणून 2006 मध्ये ती आवरती घेतली. किडनी, लिव्हर आणि हृदयाचे गंभीर आजारही त्याच गटात जास्त होते!

किडनीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. गोळीतल्या 300 मिलिग्रॅम टेनोफोविरने काहींच्या किडनीला खरंच त्रास होतो, म्हणून तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासतात. पण डोल्युटेग्रॅविर क्रिएटिनिन लघवीतून बाहेर पडणं थोडं अडवतं, किडनी ठणठणीत असली तरी. सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा किंचित वाढून तिथेच थांबला तर बहुधा हेच कारण. चढतच राहिला, तर एआरटी सेंटरचे (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राचे) डॉक्टर औषध बदलतात. बदलतात, बंद करत नाहीत.

कॅल्शियमचा सल्ला मात्र घातक. उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोह डोल्युटेग्रॅविरला चिकटतं आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. भरल्या पोटी दोन्ही टीएलडीसोबत चालतात; नाहीतर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. अ‍ॅसिडिटीच्या पांढऱ्या-गुलाबी औषधाला जेवणाचीही सवलत नाही, तिथे दोन-सहाचं अंतर हवंच. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर 50 मिलिग्रॅम डोल्युटेग्रॅविरची वेगळी गोळी बारा तासांनी लागते.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्याला चार तासही उरले नसतील तर सोडा. दोन एकदम नकोत.

आणि न ठरवता पडणारी ‘विश्रांती’ म्हणजे वारी. आळंदीहून पंढरपूर सुमारे तीन आठवडे, तेही पावसात. निघण्याआधी ससून असो वा वायसीएम रुग्णालय, आपल्या सेंटरला सांगून गोळ्या जास्तीच्या घ्या. कागदाच्या पुडीत बांधू नका. मूळ बाटलीतच, आतली सिलिका जेलची पुडी न काढता न्या.