रात्रभर ब्लॉक हीटर लावला तरी सकाळी इंजिन जास्त गरम नसतं

ब्लॉक हीटर म्हणजे गाडी सुरू करण्याआधी इंजिन उबदार करणारा, विजेवर चालणारा हीटर. कडाक्याची थंडी पडली की त्याबद्दल हा मेसेज हमखास फिरू लागतो: ‘ब्लॉक हीटर झोपतानाच लावा, जितका जास्त वेळ तितकं इंजिन गरम. घरातली कुठलीही एक्स्टेंशन चालते. सिंथेटिक ऑइल असेल तर हीटर नकोच. आणि हीटर लावूनही गाडी सुरू झाली नाही, तर समजा हीटर गेला.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण चारही वाक्यं कुठे ना कुठे गंडली आहेत.

पहिलं वाक्य चटकन पटतं, म्हणूनच ते महागात पडतं. बहुतेक गाड्यांत हीटर म्हणजे इंजिन ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य धातूच्या भागाच्या) वेल्श प्लगच्या, म्हणजे ब्लॉकमधलं भोक बंद करणाऱ्या धातूच्या झाकणाच्या, जागी बसवलेली कॉइल. ती कूलंट (इंजिनात फिरणारा, ते थंड ठेवणारा द्रव) तापवते, कूलंट ब्लॉकला ऊब देतं. पण ब्लॉक जसजसा तापतो तसतशी त्याची उष्णता बाहेरच्या हवेत वेगानं निसटते. साधारण तीन-चार तासांत मिळणारी आणि जाणारी उष्णता जवळपास सारखी होते आणि पारा अडतो. पुढे तुम्ही अंगण तापवत बसता. ६०० वॉटचा हीटर १० तास चालला की ६ युनिट जातात, ३ तासांत १.८. सातला निघायचं असेल तर टायमर चारला लावा, फार कडक थंडीत तीनला. टायमर मात्र बाहेर वापरायचा आणि तेवढा भार पेलणारा हवा.

एक्स्टेंशनचं म्हणाल, तर १२० व्होल्टवर १००० वॉटचा हीटर आठ अँपिअरच्या वर करंट ओढतो. घरातली बारीक वायर त्यानं तापते, शिवाय थंडीत तिचं आवरण कडक होऊन तडकतं. पिना तपकिरी-काळ्या पडल्या असतील तर ती वायर फेकून द्या.

ऑइलबद्दलचं अर्धं खरं आहे. ‘०डब्ल्यू’ या कडक थंडीसाठीच्या श्रेणीतल्या ऑइलची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती घट्ट राहतं याची) उणे ३५ अंश सेल्सियसवर होते, त्यामुळे इंजिन फिरायला हलकं जातं, यात वाद नाही. पण सिलिंडरच्या भिंती गारच राहतात. पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता थंड धातू शोषून घेतो.

आता ‘हीटर गेला’. आधी स्टार्टर ऐका. तो कण्हत फिरत असेल तर संशय बॅटरीवर घ्या: उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद निम्म्यावर येते, आणि ब्लॉक हीटर तिला ऊब देत नाही. स्टार्टर झोकात फिरतोय पण डिझेल गाडी पेट घेत नसेल, तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबला असण्याची शक्यता मोठी. तिथेही हीटर पोचत नाही.

हीटरच तपासायचा तर शांत जागी प्लग लावून कान द्या. केटली तापू लागते तसा बारीक सूंसूं आवाज बऱ्याचदा येतो. न आल्यास प्लग काढा आणि मल्टिमीटरनं दोन पिनांमधला रोध (रेझिस्टन्स) मोजा. १२० व्होल्टच्या ४०० वॉट हीटरला ३६ ओहम यायला हवेत, २३० व्होल्टच्या ५०० वॉटला १०६ च्या जवळपास. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइलला दोष देण्याआधी सुटी होणारी केबल वेगळी मोजा, बऱ्याचदा तीच तुटलेली निघते. यातली कुठलीही पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यात सलगता (वीज जायला सलग वाट) आढळली, तर तो हीटर पुन्हा लावू नका.

कूलंट बदलल्यानंतर लगेच कॉइल जळली असेल, तर ब्लॉकमध्ये हवा अडकली होती का ते बघा. नवी बसवल्यावर आधी इंजिन चालवून हवा काढायची, कूलंटची पातळी पुन्हा भरायची, आणि मगच प्लग.