जुनी बाईक पेट्रोल ओढत नाही, म्हणून कार्ब्युरेटर बदलायचा?

सध्या एक मेसेज फिरतोय: "जुनी बाईक पळता पळता बंद पडते म्हणजे कार्ब्युरेटर गेला. टाकीत क्लीनर ओता, जेट तारेने साफ करा, स्क्रू दोन आटे बाहेर काढा. तरी फरक नाही पडला तर नवा कार्ब्युरेटर बसवा." (कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. जेट म्हणजे त्यातला बारीक छिद्राचा तुकडा, ज्यातून पेट्रोल मोजून जातं.) यातल्या एकाही सल्ल्यात आधी तपासणी नाही, थेट दुरुस्ती आहे.

"पळता पळता बंद पडते म्हणजे कार्ब्युरेटर गेला." हे बाऊल (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. गाडी बंद पडली की किका मारत बसू नका. लगेच कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) बंद करा, इंजिन थंड होऊ द्या आणि बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत घ्या. गाडी नीट चालत असताना किती निघतं ते आधी एकदा मोजून ठेवलेलं बरं. आता तेवढंच निघालं तर पेट्रोल पोचतंय. मग ठिणगी देणाऱ्या प्लग आणि कॉइलकडे वळा, कारण तापल्यावर दगा देणारी कॉइल हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखीच लक्षणं दाखवते. बाऊल जवळपास रिकामा निघाला तर दोष फ्लोट नीडलमध्ये (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) किंवा त्याच्या वर, म्हणजे पाइप, फिल्टर, कॉक किंवा टाकीच्या झाकणात.

बहुतेक जुन्या गाड्यांत पंप नसतो, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. त्यामुळे वरची बाजू तपासणं सोपं आहे. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून मोजमापाच्या बाटलीत सोडा, टाकीचं झाकण लावलेलंच ठेवा आणि कॉक उघडा. (जवळपास ज्योत, ठिणगी, गरम सायलेन्सर नको.) लिटरला 50 किलोमीटर देणारी गाडी ताशी 60 च्या वेगात तासाला 1.2 लिटर पिते, म्हणजे मिनिटाला 20 मिली. पूर्ण थ्रॉटलला दुप्पट-तिप्पट धरा. तेव्हा मिनिटाला 200 मिली येत असेल तर निश्चिंत राहा, 100 च्या खाली आलं तर शंका घ्या. मोठ्या इंजिनाला हिशेब त्या प्रमाणात वाढवायचा.

एका मिनिटावर थांबू नका, चार-पाच मिनिटं धार बघा. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक झाली आणि झाकण उघडताच पुन्हा मोकळी झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. 'दहा मिनिटं चालते, बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू होते' या तक्रारीत हे कारण वारंवार निघतं आणि झाकण धुऊन काम होतं. टाकी अर्धी भरलेली असूनही 'ऑन'वर धार बारीक आणि 'रिझर्व्ह'वर मोकळी असेल, तर कॉकची उभी नळी किंवा तिची जाळी गंजाने भरली आहे. व्हॅक्यूम कॉक (इंजिनाच्या ओढीने उघडणारा) असेल तर इंजिन बंद असताना थेंबही येणार नाही. तिथे 'प्राइम'वर (इंजिन बंद असतानाही पेट्रोल सोडणारी खूण) ठेवून बघा.

"टाकीत क्लीनर ओता." हलका चिकटा त्याने सुटू शकतो. पण पायलट जेट (गाडी जागेवर नुसती चालू असताना पेट्रोल देणारा) पूर्ण बुजला असेल तर त्यातून पेट्रोलच वाहत नाही, मग त्यात मिसळलेला क्लीनर तरी आत कसा जाणार? गंज आणि झाकणाचं छिद्र तर त्याच्या आवाक्यातच नाही.

"जेट तारेने साफ करा." सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. जेट पितळेचा, तार पोलादाची. 0.40 मिलिमीटरचं छिद्र कोरून 0.44 झालं तर क्षेत्रफळ 21 टक्के वाढतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खायला लागते. जेट काढा, कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा, हवेच्या दाबाने फुंका आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसतं का ते बघा. क्लीनर वापरण्याआधी रबरी ओ-रिंग आणि डायफ्रॅम (पातळ रबरी पडदा) काढून ठेवा, ते फुगतात.

"स्क्रू दोन आटे बाहेर काढा." कुठला स्क्रू? एअर फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू बहुधा हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिनच्या बाजूचा बहुधा पेट्रोलचा, त्याचं उलटं. शिवाय दोन्हींचं काम मुख्यतः आयडलपुरतं, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं. ताशी 60 ला बंद पडणाऱ्या गाडीचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही.

"नवा कार्ब्युरेटर बसवा." टाकीतला गंज नव्यालाही भरणारच. त्याआधी धावत्या गाडीत चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा) थोडा ओढून बघा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे एवढं नक्की. धार भरपूर येत असेल, तर ड्रेन उघडा ठेवून कॉक चालू करा: पाइपातून मोकळं येणारं पेट्रोल इथे अडखळलं तर फ्लोट नीडल चिकटतेय. तिथेही ठीक असेल, तर फ्लोटची (बाऊलमध्ये तरंगून नीडल हलवणारा भाग) उंची मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा आणि कार्ब्युरेटर व इंजिनमधला रबरी जोड वाकवून भेगा शोधा. वरून धड दिसणारा जोड बऱ्याचदा खालच्या बाजूने फाटलेला असतो.